गाठ आपली की आलेली

विमल, तुझ्या शोकसभेत सर रडले. चष्मा काढून, रुमाल न शोधता, सगळ्या विभागासमोर रडले. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळी हे असे रडतील का?

बघ आता. बारा वर्षं भौतिकशास्त्र विभागात आपली टेबलं एकमेकींना लागून होती. तुला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि माझं हे असं चाललं होतं. तू असतीस तर डोळे बारीक करून म्हणाली असतीस, "जळून राहिली काय वं, कुमुद?" आणि वर हसली असतीस. तुझं ते हसणं मला कधी सोसलं नाही. तुला कुणाचंच काही वाटत नसे आणि मला सगळ्यांचंच वाटायचं.

सभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, मुलांची आवडती. मीही बोलले, पण त्यात खरं फार थोडं होतं. खरं होतं ते माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं. तुझा लेख. बावीस पानं आणि नऊ आलेख. आठ वर्षं तो तिथे पडून होता, आणि त्याच कपाटासमोर बसून आपण दोघी रोज डबा खात होतो.

त्याच्याविषयी तुझ्याशी बोलायचं आहे. पण मी थोडं मागून सुरू करते, कारण सरळ मुद्द्यावर यायची मला भीती वाटते.

तू आलीस तेव्हा मी विभागात एक वर्ष जुनी होते, म्हणजे स्वतःला मालकीण समजत होते. काटोलच्या संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड. तू उमरेडच्या विणकराच्या घरातली. पहिल्या दिवशी तू वडिलांनी विणलेलं जांभळ्या काठाचं सुती लुगडं नेसून आलीस. तेव्हा विभागप्रमुख असलेल्या सरांनी विचारलं, "कुठून घेतलं हो हे?" तू म्हणालीस, "घेतलं नाही सर, बाबानं विणलं." त्या दिवशी मी माझी सर्वांत महागाची रेशमी साडी नेसले होते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. आपलं सगळं तिथून सुरू झालं. तुला माहीत नव्हतं, एवढंच.

सरांनी तेव्हा परदेशात पत्रं लिहून आकड्यांची जाड पुस्तकं मागवायला सुरुवात केली होती. अंतराळात सोडलेल्या यानांनी मोजलेले आकडे, छापून, समुद्रमार्गे, तीन-तीन महिन्यांनी नागपुरात. सूर्यावरून एक विरळ, तापलेला वायू सतत वाहत असतो, तो सौरवारा. चारेक दिवसांत तो पृथ्वीपाशी पोचतो आणि येताना सूर्याचं चुंबकत्व सोबत आणतो. यानं त्या चुंबकत्वाची दिशा मोजत राहतात. काही काळ दिशा एकच, शांत. मग एकदम वळते. पलीकडे पुन्हा शांत. वाऱ्यात जणू न दिसणाऱ्या भिंती आहेत आणि यान एका खोलीतून दुसरीत जातं. या भिंती आल्या कुठून, हा आपला प्रश्न. सूर्यावरून निघतानाच त्या होत्या, की वाऱ्यानं वाटेत घुसळून घुसळून स्वतःच केल्या?

आपण ते आकडे हातानं आलेखावर मांडायचो. कागदाला कागद कणकेच्या खळीनं चिकटवून सत्तावीस दिवसांची एक लांब पट्टी व्हायची, सूर्याच्या स्वतःभोवतीच्या एका फेऱ्याची. ती प्रयोगशाळेच्या फरशीवर पसरायची आणि चपला काढून तिच्या कडेकडेनं चालायचं. मे महिन्यात कूलर लावला की पट्टी उडायची आणि बंद केला की घामानं हाताला चिकटायची. मी म्हणायची, वाटेत झाल्या. तू म्हणायचीस, तिथूनच आल्या.

एकदा सरांसमोर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "चार दिवस एवढ्या वेगानं धावत आलेला वायू निघाला तसाच पोचेल का? काटोलहून नागपूरला बसनं आलं तरी इस्तरीचा सदरा चुरगळतो."

तू पट्टीवरून मान वर न करता म्हणालीस, "सदरा चुरगळते वं. पण सदऱ्याची शिवण काही बसमंदी नाही पडत."

सर खदखदून हसले. नंतर महिनाभर भेटेल त्याला ते वाक्य सांगत होते. सदरा माझा, बस माझी, काटोलही माझंच, आणि वाहवा तुझी. घरी जाऊन मी चुलतबहिणीला म्हटलं होतं की ती नवीन आलेली बाई फार आगाऊ आहे.

आता उमरेडचं सांगते. तो रविवार तू विसरली असशील, मी नाही. तू मला तुझ्या घरी नेलंस. तुझे वडील खड्ड्याच्या मागावर बसले होते, पाय खाली, आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे. मला ओट्यावर बसवून तुझ्या आईनं पोहे दिले. विणता विणता तुझे वडील थांबले. कापडावरून अंगठा फिरवला आणि आत आवाज दिला, "गाठ आपली का आलेली?"

आतून तुझी आई म्हणाली, "पाहा ना दोन्हीकून! मले काय विचारता?"

त्यांनी कापड उजेडाकडे धरलं. तू मला समजावलंस. सूत धोट्यातल्या कांडीवर भरायचं काम आईचं आणि तुम्हा मुलींचं. भरताना एक लडी संपली की दुसरी जोडायची, आणि दोन लड्यांची छटा कधीच हुबेहूब एक नसते. म्हणून गाठीच्या दोन्ही बाजूंना रंग जरा वेगळा दिसला तर ती आलेली गाठ, कांडीतूनच आली. दोन्हीकडे एकच रंग असला तर धागा मागावर तुटला आणि तिथेच जोडला गेला, ती आपली गाठ. तुमच्या घरात कोणावर चिडायचं हे ठरण्याआधी गाठ बघायची पद्धत होती. वडिलांनी बघितलं, "आपलीच आहे" म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

विमल, मी तिथेच होते. तुझ्याइतकीच जवळ. पोह्यांवरचा कांदा बाजूला काढत होते.

तीन आठवड्यांनी तू पट्टीच्या मधोमध उकिडवी बसलीस, एका वळणाच्या एका बाजूला एक तळहात आणि दुसऱ्या बाजूला दुसरा ठेवलास, आणि म्हणालीस, "कुमुद, याच्या दोन्हीकडचा हेलियम पाह्यला काय आपण?"

मला तेव्हाच कळलं. पूर्ण कळलं. सूर्याच्या निरनिराळ्या भागांतून सुटणाऱ्या वाऱ्यात हेलियमचं प्रमाण निरनिराळं असतं आणि वाटेत ते बदलत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना ते वेगळं निघालं, तर दोन्हीकडचा वायू सूर्यावरच्या दोन वेगळ्या जागांहून निघालेला, म्हणजे भिंत तिथूनच आलेली. सारखं निघालं, तर भिंत वाटेतली. हेलियमचे आकडे त्याच पुस्तकांत, त्याच पानांवर, उजवीकडच्या रकान्यांत होते. दोन वर्षं ती पानं मी उलटत होते आणि ते रकाने आपल्या कामाचे नाहीत म्हणून सोडून देत होते.

"काहून गप झाली वं?" तू विचारलंस.

"काही नाही," मी म्हटलं. "पाय दुखतायत."

पुढची दोन वर्षं आपण तेच केलं. वळणं निवडायची तू, आलेख निम्मे माझे. आणि निघालं काय, तर मोठ्या भिंती बहुतेक आलेल्या, आणि लहान-लहान पुष्कळशा वाटेतल्या. तू लहान पोरीसारखी टाळ्या पिटत उठलीस. "दोघी बी बरोबर वं आपण! तू बी अन् मी बी!"

त्या दिवसाइतका तुझा राग मला कधी आला नाही. तू जिंकलीस, आणि जिंकल्यावर अर्धं माझ्या ताटात वाढून मोकळी झालीस. मला अर्धं नको होतं गं. मला ते सुचायला हवं होतं. तुझ्या घरात ते ओट्यावर सांडलेलं असायचं, नुसतं उचलायचं, असं मी मनाला सांगत असे. आमच्याकडे पुस्तकांची तीन कपाटं होती आणि त्यात एक गाठ म्हणून नव्हती.

मग तू लेख लिहिलास. आणीबाणी उठली ते वर्ष. सगळा लेख तू एकटीनं लिहिलास, आणि बावीस पानं माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, "माहं इंग्रजी म्हणजे खिचडी. तूच पाहून दे."

मी एका बैठकीत वाचला. इंग्रजी खरंच खिचडी होतं, आणि तरी चौदाव्या पानापर्यंत मी दुरुस्तीचं पेन खाली ठेवलं होतं. मला एकच शंका होती: हे आकडे तासातासाच्या सरासरीचे, आणि भिंत तर काही मिनिटांत निघून जाते, मग दोन्हीकडचं एकमेकांत मिसळणार नाही का? चौदाव्या पानावर त्याचं उत्तर होतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा तास वारा शांत आहे, तेवढीच वळणं तू घेतली होतीस. मिसळायला जागाच ठेवली नव्हतीस.

आणि दुसऱ्या दिवशी मी तुला काय म्हटलं?

"तासाची सरासरी आहे वं ही. भिंत मिनिटात निंघून जाते. हासतीन लोकं आपल्यावर."

कॉलेजात मी कायम पुस्तकी मराठी बोलायची, तू त्यावरून मला चिडवायचीस. त्या दिवशी मी मुद्दाम घरची बोली काढली, म्हणजे तुझा विश्वास बसेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू म्हणालीस, "पण मी तं दोन्हीकून शांत असलेल्याच घेतल्या ना."

"तरी बी. थांब एखादं वर्ष. बारीक आकडे येतीन."

तू जरा वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तू म्हणतं तं ठेव तुह्याजवळच."

मी साफ खोटं बोलले असते तर एक वेळ बरं होतं. कोणीतरी पकडलं असतं. मी बोलले ते निम्मं खरं होतं, आणि उरलेलं निम्मं उत्तर मी वाचलेलं होतं.

त्यानंतर तुझं लग्न झालं. वसंतराव खापरखेड्याच्या कोळशाच्या वीजकेंद्रात, तू तिथल्या वसाहतीत. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस, केसांत राखेचा बारीक कण. मुलगी झाली, वडील गेले, माग विकला. लेखाचं नाव तू एकदाही काढलं नाहीस. मीही नाही. का नाही काढलंस? एकदा तरी माझ्या टेबलावर हात आपटून विचारायचं होतंस. तू भांडली असतीस तर मी हरले असते, आणि मला सुटल्यासारखं झालं असतं. पण तुला भांडायचं सुचलंच नाही. म्हणजे तुझा चांगुलपणाही माझ्याच मुळावर आला.

आणि हेही सांगून टाकते. माझी आई दवाखान्यात होती ते दोन महिने माझे सगळे तास तू घेतलेस, तुझे तुझे घेऊन वर माझे. मी परत आले तेव्हा पोरं म्हणाली, "मॅडम, विमल मॅडमनाच शिकवू द्या ना." आईच्या उशाशी बसलेली असताना तुझे उपकार वाटायचे, आणि वर्गाच्या दारात उभी राहिले की पोटात दुखायचं. दोन्ही खरं होतं. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानते.

परवा बसून विचार केला, की हा माझा हेवा कुठला? आमच्या घरी शेजारच्या बागेत संत्र्याचा आंबिया बहार जास्त धरला की दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नसे. म्हटलं, तिथून आला असेल, आपला काय दोष. पण तुझ्या वडिलांसारखं दोन्हीकडून बघितलं. तू यायच्या आधीची कुमुद आणि तू आल्यानंतरची कुमुद. रंग एकच निघाला गं. गाठ माझीच आहे.

तेरवी झाल्यावर वसंतराव विभागात आले. तुझ्या कपाटातलं सामान न्यायला आले होते, पण बसून राहिले. मग म्हणाले, "कुमुदताई, तिचा एक लेख तुमच्यापाशी आहे म्हणे. ती सांगत होती, कुमुदजवळ आहे, तिनं सांभाळून ठेवला. आपल्या इकडं राख पडते, घरी आणला तं खराब होईन, म्हणे. काही कामाचा असंन तं पाहा. नाही तं पोरीले आठवण म्हणून द्या."

सांभाळून ठेवला! मी त्यांना चहा पाजला. सांगायला तोंड उघडलं आणि साखर किती म्हणून विचारलं. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते आहे, मग त्यांना सांगणार आहे.

लेख सरांकडे घेऊन गेले. निवृत्तीनंतर सर दिवसभर अंगणातल्या खुर्चीवर असतात. दोन दिवसांनी बोलावलं. "कुमुद, हे इतकी वर्षं कुठे होतं?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाले, "प्रश्न अजून सुटलेला नाही. लोक अजून भांडतायत. पाठव हे एखाद्या संशोधनपत्रिकेला. आणि निम्मे आलेख तुझे आहेत, तुझं नाव दुसरं घाल. तुझा हक्क आहे तो, कोणी नाही म्हणणार नाही."

आणि ते चूक नव्हते, विमल. तीच तर पंचाईत. हक्क होता.

विभागातल्या टाइपरायटरवर मी बसले. सगळी बावीस पानं टाइप केली, इंग्रजी नीट केलं, आठ वर्षांपूर्वी दोन दिवसांत झालं असतं तेवढंच काम. बैल गेला आणि झोपा केला. पहिलं पान शेवटी ठेवलं होतं. पहिल्या कागदावर मी दोन नावं टाइप केली, आणि त्यात माझं आधी. कसं दिसतं ते बघायला फक्त. छान दिसलं. तो फाडला. दुसऱ्यावर तुझं आधी, माझं नंतर, सर म्हणाले तसं. तो समोर ठेवून डबा उघडला. कागद सरळ होता, न्याय्य होता, आणि त्याच्याकडे बघत मी अर्धी पोळी तशीच डब्यात परत ठेवली. तुझं अर्धं मी आठ वर्षांपूर्वीच घेऊन बसले होते. आता अजून निम्मं कुठे मागू?

तिसऱ्या कागदावर तुझं एकटीचं नाव आहे. खाली बारीक अक्षरात, लेखिका आता हयात नाही, एवढंच.

पण मेलेलं माणूस आपला लेख स्वतः पाठवू शकत नाही. सोबत पत्र लागतं, पाठवणारी कोण आणि या कामाशी तिचा संबंध काय, हे लिहावं लागतं. त्या पत्रानं माझी अख्खी दुपार घेतली. मैत्रीण लिहिलं, खोडलं. सहकारी लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं ते असं: काही आलेख मी काढले. यातली कल्पना मला सुचलेली नाही. लेख आठ वर्षं माझ्याजवळ राहिला, तो लेखिकेच्या चुकीनं नव्हे. त्याखाली सही केली. इंग्रजीत ती तीन वाक्यं फार साधी दिसतात.

आज सकाळी पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. छापतील की नाही, देव जाणे. प्रश्न विचारले तर उत्तरं देईन, चौदावं पान मला पाठ आहे.

परत आले तर विभागात गडबड. तो नवीन आलेला जोशी, त्याला परदेशातल्या संस्थेनं दोन वर्षांसाठी बोलावलंय. वय सत्तावीस. मला त्या वयात आणि त्यानंतरही कधी कोणी बोलावलं नाही. त्यानं वाकून नमस्कार केला, पेढा पुढे केला. मी तो तोंडात टाकला आणि सवयीनं वाट बघत उभी राहिले, की आता तुझ्याकडे बघून यायची ती कळ छातीत येईल. कोणी काहीबाही बोलत होतं, मी हो हो म्हणत होते आणि आतून वाट बघत होते. काहीच आलं नाही. पेढा नुसता गोड लागला. तेव्हा कुठे मला कळलं, की तू गेलीस.